साधी सर्दी सीओपीडीच्या रुग्णाच्या छातीत का उतरते?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा आहे. तुमच्या आईंचे वय ६३ आहे. लग्नानंतरची जवळजवळ तीस वर्षे त्यांनी चुलीवर स्वयंपाक केला, विडी किंवा सिगारेट कधी ओढली नाही, आणि चार वर्षांपूर्वी त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार, असल्याचे निदान झाले. पावसाळ्यात घरातल्या नातवंडांना सर्दी होते आणि चार-पाच दिवसांत ती जाते. तीच सर्दी आजींना झाली की पंधरवड्यात त्यांना दवाखान्यात दाखल करावे लागते, आणि असे गेल्या दोन वर्षांत तीनदा झाले आहे. त्यावर तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: त्यांची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे का, ती वाढवण्यासाठी गुळवेल आणि काढे द्यावेत का, आणि पंपातल्या स्टिरॉइडमुळे प्रतिकारशक्ती आणखी खालावते असे शेजारी सांगतात तर तो पंप बंद करावा का.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात धोका आहे. पंप स्वतःच्या मनाने बंद करू नका. का ते पुढे सविस्तर लिहिले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही. प्रतिकारशक्ती म्हणजे शरीरातला एखादा साठा, जो कमी झाला की भरून काढायचा, अशी आपली समजूत असते. छातीच्या जुनाट आजारात घडते ते वेगळेच. विषाणू शिरल्यावर पहिल्या काही तासांत जे काम व्हायला हवे ते उशिरा आणि अपुरे होते. आणि नंतर जी प्रतिक्रिया उठते ती गरजेपेक्षा मोठी असते, लांबते आणि स्वतःच्याच फुप्फुसाला इजा करते. एकाच माणसात, एकाच आजारपणात, आठवड्याच्या अंतराने प्रतिकारशक्ती आधी कमी आणि मग जास्त पडते. तुमच्या आईंच्या बाबतीत काय करावे आणि केव्हा करावे हे सगळे या उशिराशी आणि या अतिरेकाशी बांधलेले आहे.

निरोगी श्वासनलिकेचे अस्तर हे नुसते अस्तर नसते. त्यावर पातळ कफाचा एक थर असतो आणि त्याखाली असंख्य सूक्ष्म केस सतत एका लयीत हलत असतात, त्यामुळे धूळ आणि जंतू कफासकट घशाकडे ढकलले जातात आणि आपण ते नकळत गिळून टाकतो. वर्षानुवर्षे धूर लागला की हे केस झडतात, कफ तयार करणाऱ्या पेशी वाढतात आणि कफ घट्ट होतो. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायकांच्या श्वासनलिकेत दुर्बीण घालून पाहिले की गुलाबी अस्तरावर शाईचे शिंतोडे उडावेत तसे काळे डाग दिसतात, काही जणींमध्ये तिथला फाटा आक्रसून अरुंद झालेला असतो. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा रुग्ण विडी ओढत असणार असे मला वाटले होते. तिने तोंडाला कधी विडी लावली नव्हती. धूम्रपान न करणाऱ्यांमधला सीओपीडी हा विषय पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जगापुढे ठळकपणे मांडला, आणि आपल्याकडच्या छातीच्या बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या कोणालाही तो रोज दिसतो. ही काजळी तिथल्या भक्षक पेशींच्या पोटातही साठलेली असते. सीओपीडीत या पेशींची संख्या कमी नसते, उलट वाढलेली असते, पण जंतू गिळण्याची त्यांची क्षमता मंदावलेली असते.

आता विषाणू येतो. बहुतेक वेळा तो ऱ्हायनोव्हायरस असतो, म्हणजे साध्या सर्दीचा विषाणू, ज्याचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत. म्हणूनच एकदा सर्दी झाली की पुन्हा होणार नाही असे कधी घडत नाही. त्याच्याखेरीज फ्लू, आरएसव्ही आणि कोरोना विषाणूही असतात. अस्तराच्या पेशीत विषाणू शिरला की त्या पेशीने आधी स्वतः धोका ओळखायचा असतो आणि इंटरफेरॉन नावाची प्रथिने बाहेर सोडून शेजारच्या पेशींना सावध करायचे असते. १९५७ मध्ये लंडनच्या मिल हिल येथील संस्थेत ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी हा पदार्थ शोधला. इंटरफेरॉनचा निरोप मिळालेली पेशी विषाणूची नक्कल होऊ देणारी यंत्रणा बंद करते. निरोप वेळेवर गेला तर विषाणू नाकातच अडतो, आणि नातवंडांचे चार दिवसांत नाक वाहायचे थांबते ते यामुळे.

सीओपीडीत हा निरोप क्षीण असतो. हे नुसते अनुमान नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी सीओपीडीचे १३ रुग्ण आणि श्वासमार्गात अडथळा नसलेले १३ जण यांना त्यांच्या संमतीने आणि कडक देखरेखीखाली ऱ्हायनोव्हायरसची लागण करवली, आणि २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. विषाणू तोच होता. तरीही सीओपीडीच्या रुग्णांमध्ये विषाणूचे प्रमाण अधिक आढळले, छातीची लक्षणे आणि श्वासमार्गातला अडथळा अधिक तीव्र होता आणि जास्त दिवस टिकला. आणि फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवातील पेशींनी इंटरफेरॉन कमी तयार केले. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत बोलका पुरावा आहे, कारण इथे ‘रुग्णाने पथ्य पाळले नाही’, ‘उशिरा आला’, ‘डोस चुकवला’ अशी कोणतीही सबब उरत नाही. तुमच्या आईंनी पावसात भिजायला नको होते किंवा दही खायला नको होते, असे घरात कोणी म्हणत असेल, तर त्यांना हे अवश्य सांगा. दोष त्यांच्या वागण्यात नाही.

इंटरफेरॉन अपुरे पडले की विषाणू खाली, लहान श्वासनलिकांपर्यंत पसरतो, आणि मग दुसरा टप्पा सुरू होतो. दुखावलेल्या पेशी रासायनिक हाका मारतात, रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी लोटाने येतात. जंतूंशी लढायला त्या इलॅस्टेजसारखी तीव्र विकरे (एन्झाइम) सोडतात. ही विकरे जंतू आणि फुप्फुसाचे लवचिक धागे यांत भेद करत नाहीत. अस्तर सुजते, स्नायू आवळतात, कफ वाढतो, आणि आधीच अरुंद असलेल्या नळीतून हवा बाहेर पडेनाशी होते. हवा आत अडकून छाती फुगलेली राहते, म्हणून पुढचा श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. रुग्ण दोन्ही हात मांडीवर टेकून, ओठांचा चंबू करून बसतो ते याच वेळी.

याच टप्प्याची एक खूण घरात कोणालाही दिसते. पांढरा बेडका पिवळा आणि मग हिरवा होतो. पुष्कळांना वाटते की तो हिरवा रंग जंतूंचा आहे. खरे तर तो न्यूट्रोफिलमधल्या मायलोपेरॉक्सिडेज या हिरव्या रंगाच्या विकराचा असतो. म्हणजे रुमालावर जे दिसते ते स्वतःच्याच सैन्याचे अवशेष असतात. तरीही खूण म्हणून त्याला मोल आहे, कारण एवढ्या न्यूट्रोफिल जमल्या असतील तर तिथे जीवाणूंचा शिरकाव झालेला असण्याची शक्यता बरीच वाढते. मी रुग्णांना बेडका काळ्या किंवा रंगीत रुमालात न टाकता पांढऱ्या कागदावर टाकून दिवसाउजेडी पाहायला सांगतो. किळस येते हे खरे आहे, पण रक्ताच्या अनेक तपासण्यांपेक्षा ही माहिती लवकर मिळते.

तुम्ही लिहिले आहे की सर्दी बरी होत आली असे वाटते आणि मग ‘अचानक’ आई आजारी पडतात. त्यात अचानक काही नसते. वर सांगितलेल्याच संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की प्रायोगिक ऱ्हायनोव्हायरस संसर्गानंतर सीओपीडीच्या ६० टक्के रुग्णांच्या कफात जीवाणूंचा संसर्ग आढळला, तर धूम्रपान करणाऱ्या पण सीओपीडी नसलेल्यांमध्ये आणि धूम्रपान न करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचा काळ. विषाणूचे प्रमाण पाचव्या ते नवव्या दिवसाच्या दरम्यान शिगेला पोहोचले, जीवाणूंचे पंधराव्या दिवशी. कारणही सापडले: श्वासनलिकेत नैसर्गिकरीत्या असणारी जीवाणूनाशक प्रथिने न्यूट्रोफिलच्या इलॅस्टेजने तोडून टाकलेली होती. विषाणूशी लढण्याच्या भरात जीवाणूंविरुद्धची तटबंदी आपल्याच हातांनी पाडली गेली. घरातले सगळे निश्चिंत होतात तो दुसरा आठवडा या रुग्णांसाठी सर्वांत जपण्याचा असतो.

माझ्याकडे कोरेगाव भागातून येणाऱ्या एक आजी होत्या. त्यांच्या सुनेने भिंतीवरच्या कॅलेंडरवर नाक वाहू लागल्याच्या दिवसाभोवती गोल करायला सुरुवात केली, कारण प्रत्येक वेळी ‘कधीपासून त्रास?’ या माझ्या प्रश्नाला ‘कालपासून’ असे उत्तर यायचे. दोन वर्षांची कॅलेंडरे तिने पिशवीतून आणली. बहुतेक दाखल होण्याच्या आधी बारा ते सोळा दिवसांवर तो गोल होता. पुढच्या पावसाळ्यात गोल पडताच तिने फोन करायचा असे ठरले, आणि त्या वर्षी आजी एकदाही दाखल झाल्या नाहीत. एका रुग्णावरून नियम काढता येत नाही, पण तुमच्या घरीही हे करून पाहा.

आता तीन वेळा दाखल होण्याविषयी. ज्यांना वर्षात दोन किंवा अधिक वेळा आजार उसळतो, त्यांना पुढच्या वर्षीही तो उसळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते; २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत पुढचा धोका सांगणारी सर्वांत भरवशाची गोष्ट मागचा इतिहास हीच ठरली. याची एक बाजू टी पेशींशी निगडित आहे. विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या सीडी८ टी पेशी सीओपीडीच्या फुप्फुसात भरपूर असतात, पण त्यांच्या पृष्ठभागावर पीडी-१ नावाचा लगाम वाढलेला आढळतो, म्हणजे त्या थकलेल्या असतात आणि मारण्याचे काम नीट करत नाहीत. दुसरी बाजू अशी की प्रत्येक उसळीनंतर फुप्फुस पूर्वपदावर यायला आपण समजतो त्यापेक्षा फार जास्त वेळ लागतो. लंडनमध्ये रुग्णांनी रोज घरी केलेल्या नोंदींत ३५ दिवसांनीही सुमारे चौथ्या हिश्श्याच्या उसळींमध्ये फुंकीचा जोर पूर्ववत झालेला नव्हता, आणि ९१ दिवसांनीही सुमारे ७ टक्के उसळींमध्ये नव्हता. जून ते सप्टेंबर या काळात दोन विषाणूंनी गाठले तर दुसरा अर्धवट बऱ्या झालेल्या छातीवर येतो.

टीबी होऊन गेलेल्या फुप्फुसाचे गणित थोडे निराळे असते. तिथे श्वासनलिका काही जागी कायमच्या रुंदावलेल्या असतात, त्यात कफ आणि जीवाणू वर्षभर मुक्काम करून असतात, आणि विषाणू आला की आधीच जमलेली न्यूट्रोफिलची गर्दी वाढते. तुमच्या आईंना पूर्वी टीबी झाला होता का हे तुम्ही लिहिलेले नाही. झाला असेल तर तुमच्या डॉक्टरांना ते जरूर सांगा.

काढ्यांकडे वळतो. आले, तुळस, गवती चहा घातलेले गरम पाणी घशाला बरे वाटते आणि कफ सैल व्हायला पाणी पोटात जाणे उपयोगी असते, त्यामुळे त्याला माझी हरकत नाही. पण गुळवेल, निरनिराळी चूर्णे आणि ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून विकली जाणारी मिश्रणे महिनोन्महिने देऊ नका. कोरोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला होता हेही खरे, पण त्रेसष्टाव्या वर्षी अनेक औषधे घेणाऱ्या बाईंच्या बाबतीत मी तो धोका पत्करणार नाही. त्याहून मूलभूत अडचण वेगळी आहे. वाढवायचे ते नेमके काय? पहिल्या दिवसाचे इंटरफेरॉन वाढले तर हवेच आहे, पण न्यूट्रोफिलचा लोंढा वाढला तर तो नको आहे, आणि या दोहोंत निवड करणारा कोणताही काढा मला माहीत नाही. खुद्द इंटरफेरॉन-बीटा फवाऱ्याने फुप्फुसात देण्याचा प्रयत्न कोरोनाच्या दाखल रुग्णांवर झाला. तिसऱ्या टप्प्यातल्या मोठ्या चाचणीने २०२२ मध्ये ठरवलेले मुख्य उद्दिष्ट गाठले नाही. रुग्ण दाखल होईपर्यंत आजारपणाचा पहिला टप्पा बहुधा उलटून गेलेला असतो.

काढ्यापेक्षाही मला भीती वाटते ती धुरीची. सर्दी झाली की निखाऱ्यावर ओवा, लसणाची साले, कापूर टाकून खोली कोंडून धुरी देण्याची पद्धत अजून आहे. धुरानेच आजारी पडलेल्या छातीला सर्दीवर उपाय म्हणून पुन्हा धूर देणे कृपया थांबवा. डासांची कॉइल आणि देवघरातील उदबत्तीही आईंच्या झोपण्याच्या खोलीत नको. गॅस घरात आला तरी अंघोळीचे पाणी अजून बंबात लाकडावर तापत असेल, तर ते काम दुसऱ्या कोणी करावे.

पंपातल्या स्टिरॉइडविषयी तुमचे शेजारी अगदी चुकीचे बोलत नाहीत, म्हणून या मुद्द्यावर जपून लिहितो. श्वासावाटे घेतलेले स्टिरॉइड अस्तराच्या पेशींतील इंटरफेरॉनची निर्मिती दाबते, असे प्रयोगांत दिसले आहे, आणि सीओपीडीत दीर्घकाळ असे पंप वापरणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचे प्रमाण वाढते हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाले आहे. दुसरीकडे, ज्यांच्या रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जास्त असतात अशा रुग्णांमध्ये याच स्टिरॉइडने आजार उसळण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटते. म्हणून रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये इओसिनोफिल ३०० किंवा त्याहून अधिक असतील आणि आजार वारंवार उसळत असेल तर स्टिरॉइडचा पंप असावा, १०० पेक्षा कमी असतील किंवा न्यूमोनिया वारंवार झाला असेल तर तो टाळावा, असे सध्याचे मार्गदर्शन आहे. ही संख्या सीबीसी या रक्तपेशी मोजण्याच्या साध्या तपासणीतून निघते. मात्र आपल्याकडे पोटातल्या जंतांमुळेही ती वाढते, आणि आजारपणात तोंडाने स्टिरॉइड चालू असताना काढलेली संख्या फसवी, कमी येते. त्यामुळे बरे असतानाची तपासणी धरावी. शिवाय पंपात बहुधा स्टिरॉइडसोबत श्वासनलिका रुंदावणारे औषधही असते. तुम्ही पंप बंद केलात तर तेही बंद होईल, आणि त्याविना तुमच्या आईंचा जिना चढणेही अवघड होईल. पंप बदलायचा का हा प्रश्न रास्त आहे, तो डॉक्टरांना विचारा. पंपानंतर चूळ भरून टाकायची सवयही तपासा.

उसळीच्या वेळी तोंडाने किंवा शिरेतून दिले जाणारे स्टिरॉइड ही पुन्हा वेगळी गोष्ट आहे. ते दुसऱ्या टप्प्यातला अतिरेक आवरण्यासाठी असते. वेळेचे महत्त्व किती आहे हे कोरोनात सर्वांना दिसले: ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत २०२० मध्ये डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू घटले, ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र काही फायदा झाला नाही. सीओपीडीच्या उसळीत ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोन हे स्टिरॉइड ५ दिवस दिले तरी १४ दिवसांइतकाच परिणाम मिळतो, हे स्वित्झर्लंडमधील २०१३ च्या चाचणीने दाखवले. तरीही जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणून प्रत्येक शिंकेला त्या सुरू करणारी घरे मी पाहतो. नाक वाहू लागताच त्या गोळ्या देणे म्हणजे जो निरोप आधीच क्षीण आहे तो आणखी दाबणे. त्या श्वास वाढल्यावर, डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि मोजक्या दिवसांसाठीच द्याव्यात.

लसीविषयी तुम्ही विचारले नाही, पण पहिल्या टप्प्यातला उशीर भरून काढण्याचा तो माझ्या हातातला सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. ऱ्हायनोव्हायरसवर लस नाही; फ्लूवर आहे, आणि ती दरवर्षी घ्यावी लागते. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, युरोपासारखा फक्त हिवाळ्यात नाही, आणि लसीनंतर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून ती एप्रिल-मेमध्ये घ्यावी, ऑक्टोबरची वाट पाहू नये. वयामुळे लसीला मिळणारा प्रतिसाद तरुणांइतका जोरदार नसतो, म्हणून घरातल्या नातवंडांनाही ती दिलेली बरी. शाळेतून विषाणू घरात आणतात ती तीच. न्यूमोकोकस या न्यूमोनिया करणाऱ्या जीवाणूवरची लस दुसऱ्या आठवड्यातल्या जीवाणूंपैकी एका महत्त्वाच्या शत्रूविरुद्ध काम करते, आणि ती दरवर्षी घ्यावी लागत नाही.

पुढची सर्दी सुरू होईल त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. नेहमीचे पंप चुकवू नका, तात्काळ आरामाचा पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून द्या आणि दिवसातून किती वेळा लागला ते लिहून ठेवा. तीव्र ताप, अंग मोडून येणे अशी फ्लूची चिन्हे असतील तर ४८ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा, कारण ओसेल्टामिविर हे फ्लूचे औषध लवकर सुरू केले तरच त्याचा चांगला उपयोग होतो. सर्दी नुसतीच असेल, बेडका पांढरा असेल आणि श्वास नेहमीसारखा असेल तर प्रतिजैविक मागू नका. धाप वाढणे, बेडका वाढणे आणि त्याचा रंग बदलणे ही चिन्हे एकत्र आली तर मात्र थांबू नका. बोटाला लावायच्या यंत्रावर आई बऱ्या असताना ऑक्सिजनचा किती आकडा येतो तो आजच पाहून लिहून ठेवा, म्हणजे आजारपणात त्याची तुलना करता येईल. ऑक्सिजन देण्याची वेळ आलीच तर सीओपीडीत आकडा ८८ ते ९२ दरम्यान ठेवणे सुरक्षित असते. घाबरून यंत्राची कळ वाढवून तो ९९ करण्याने काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि ते गुंगीत जातात. बोलताना वाक्य पुरे न होणे, ओठ निळे पडणे, दिवसा नेहमीपेक्षा जास्त झोप येणे किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या.

आणि खूण केलेल्या दिवसापासून तिसरा आठवडा संपेपर्यंत, नाक कोरडे झाले असले तरी, रोज सकाळी बेडक्याचा रंग पाहणे चालू ठेवा. पुढच्या भेटीला ती कॅलेंडरे, आधीच्या फुंकीच्या तपासणीचा कागद आणि बरे असतानाचा सीबीसीचा अहवाल सोबत न्या. पंपात स्टिरॉइड ठेवायचे की नाही हे त्या तिन्हींवरून ठरवता येईल.